उद्यानाचं आणि पायवाटेचं काम मंजूर कसं करून घ्यायचं: नवी मुंबई-ठाण्यातल्या नवख्यांसाठी

उद्यानाची तक्रार करणं सोपं आहे. पेव्हर ब्लॉक उखडले, दिवा गेला, शौचालयाला कायमचं कुलूप लागलं की फोटो काढून तक्रार टाकायची. आज ना उद्या कोणीतरी येऊन ठिगळ लावून जातं. पण चालण्याची वाट नव्याने करायची असेल, पाण्याचा निचरा सुधारायचा असेल, व्हीलचेअर आत जाईल असं फाटक हवं असेल, तर तक्रार पुरत नाही. काम मंजूर करून घ्यावं लागतं. आणि जागा कोणाची, खर्च किती आणि पैसे कुठल्या लेखाशीर्षातून (म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून), या तीन प्रश्नांची उत्तरं नस्तीत, म्हणजे सरकारी फाइलीत, नसतील तर ती नस्ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

मी नेरुळला राहते. आमच्या सेक्टरचं उद्यान आणि तिथून धारण तलावाकडे (पावसाचं जादा पाणी साठवायच्या तलावाकडे) जाणारी पायवाट, या दोन्हींच्या मागे शेजाऱ्यांबरोबर मीही लागले होते. खाली लिहिलंय ते मुख्यतः नवी मुंबईचं आहे. ठाण्यात जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

## १. आधी जागा कोणाची ते पाहा

फाटकावर महापालिकेची पाटी आहे म्हणून जागा महापालिकेची, असं धरून चालू नका. नवी मुंबई वसवली सिडकोने, म्हणजे राज्य सरकारच्या शहर वसवणाऱ्या महामंडळाने, १९७० पासून. महापालिका आली १ जानेवारी १९९२ ला. भूखंड पाडले, त्यातले उद्यानाला राखले, ते सिडकोने. पालिकेकडे ते टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होत गेले. हस्तांतरणाचा कागद नसेल तर पालिका तिथे झाडू मारेल, झाडांना पाणी घालेल, पण लाखांचं नवं काम काढायला अभियंता धजावत नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर त्याला द्यायचं असतं.

सिडको-पालिकेपलीकडेही मालक आहेत:

- खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत येतो आणि जिल्हा रायगड. म्हणजे जिल्हा पातळीवरचा कागद अलिबागला जातो, ठाण्याला नाही. खारघरचं सेंट्रल पार्क सिडकोने उभारलेलं आहे.
- ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा.
- डोंगरउतारावरची वाट वनहद्दीत असू शकते. ठाण्यात येऊरची बाजू तर थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. तिथे पालिकेला अर्ज करून काही होत नाही. वन विभागाचं परिक्षेत्र कार्यालय गाठावं लागतं, आणि तिथे 'विकास' जितका कमी मागाल तितकं बरं.
- उच्चदाब वीजवाहिन्यांखालचे पट्टे हिरवे दिसतात, पण तिथे बांधकाम आणि उंच वाढणारी झाडं दोन्ही चालत नाहीत.
- सोसायटीच्या आवारातला आरजी, म्हणजे रहिवाशांसाठी राखलेली मोकळी जागा, सार्वजनिक उद्यान नव्हे. त्यावर सरकारी निधी मागायला जाऊ नका, आणि कोणी देऊ केला तर 'कुठल्या नियमाने' ते आधी विचारा.

हे शोधायचं कसं? विभाग कार्यालयात तोंडी विचारा (ठाण्यात याच पायरीला प्रभाग समिती कार्यालय म्हणतात). तोंडी उत्तर मिळालं तरी कागद घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, म्हणून पाल्हाळ नको. एवढं पुरतं: भूखंड क्रमांक, सेक्टर, नोड (नेरुळसारखा उपनगराचा भाग), हस्तांतरणाच्या पत्राची प्रत, मंजूर विकास आराखड्यातलं त्या जागेचं आरक्षण, गेल्या तीन वर्षांत तिथे झालेल्या कामांचे कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेले लेखी आदेश). शेवटचा मुद्दा गाळू नका. गेल्याच वर्षी ट्रॅक झाल्याचं कागदावर असेल आणि जागेवर नसेल, तर तुमचा प्रश्न निधीचा नाहीच, वेगळाच आहे.

अर्ज न करताही एक वाट आहे. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. हे फार लोकांना ठाऊक नसतं. कधी कधी खिडकीवरच्या माणसालाही. शासन निर्णयाची छापील प्रत सोबत असू द्या.

## २. वही आणि फीत घेऊन फिरा, शक्यतो पावसात

उद्यानाचं खरं दुखणं जुलैत कळतं. मोठी सर ओसरल्यावर तासाभराने एक चक्कर मारा आणि पाणी कुठे साचलंय त्याचे फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा.

आमच्याकडे मागच्या फाटकाजवळच्या वळणावर दोन-दोन दिवस तळं व्हायचं. सगळ्यांचं एकच मत: ट्रॅक खचलाय, उचलून घ्या. पावसात उभं राहून पाहिल्यावर दिसलं की पाणी उद्यानातलं नव्हतंच. बाहेरच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढत गेले होते, रस्ता उद्यानापेक्षा वीतभर उंच झाला होता आणि रस्त्याचं पाणी फाटकातून सरळ आत येत होतं. आतल्या गटाराच्या चेंबरचं झाकण तर पेव्हरच्या खाली गाडलं गेलं होतं. अशा ठिकाणी नवा ट्रॅक केला तर तो पुढच्या पावसाळ्यात तसाच बुडतो. फाटकाशी आडवी जाळीची नाली आणि मोकळं केलेलं चेंबर, हे खरं काम. जुन्या सेक्टरांत हा प्रकार सर्रास आढळतो, तेव्हा तुमच्याकडेही रस्त्याची पातळी आधी पाहा.

मापं घ्या. वाटेची लांबी, रुंदी, किती दिवे, त्यातले बंद किती, बाक किती, तुटलेले किती. ३०० मीटर लांब आणि दीड मीटर रुंद वाट म्हणजे ४५० चौरस मीटर; हा एक आकडा पत्रात असला की अभियंता तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

आणि उद्यान कोण वापरतं ते दिवसभरात वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहा. सकाळी ज्येष्ठ नागरिक, संध्याकाळी मुलं, हे सगळ्यांना दिसतं. दुपारी दोन कामांच्या मध्ये डबा खायला बसणाऱ्या घरकामाच्या बायका, रिक्षावाले, सुरक्षारक्षक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसतात. 'दुपारी उद्यान बंद ठेवा' ही मागणी नेमकी त्याच ग्रुपवरून येते. बाकांची आणि शौचालयाची सर्वात जास्त गरज कोणाला, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

## ३. मागणी मोजता येईल अशी लिहा

'उद्यानाचा सर्वांगीण विकास व सुशोभीकरण करावे' असं लिहिलंत की हाती काय पडेल याचा नेम नाही. कमान, रंगीत कारंजं, एखादा फायबरचा जिराफ. त्याऐवजी:

'सेक्टर अमुक, भूखंड क्र. तमुक येथील उद्यानात (१) मागील फाटकाशी जाळीची आडवी नाली करून ती पावसाळी गटारास जोडणे; (२) ३०० मीटर × १.५ मीटर वाटेचा पृष्ठभाग नव्याने करणे. (३) बंद असलेले ९ दिवे सुरू करणे. (४) शौचालयास पाणीजोडणी देऊन ते रोज उघडे ठेवणे.'

क्रमही याच प्रकारे लावा: आधी पाणी, मग वाट, मग उजेड, मग शौचालय आणि बाक. बाकी सगळं नंतर.

ओपन जिमबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती लवकर मिळते, कारण ती एका दिवसात बसते आणि तिच्यावर नावाची पाटी मावते. पण दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने तिचे बेअरिंग गंजतात आणि दुरुस्तीची तरतूद कोणी केलेली नसते. आपणहून मागू नका.

वाटेचा पृष्ठभाग कसला हवा यावर भांडणं होतात. पेव्हर ब्लॉक ठेकेदाराला सोपा, पण झाडांची मुळं त्याला वर उचलतात आणि ठेचकाळायला होतं. दाबलेल्या मुरुमाची वाट गुडघ्यांना बरी आणि पाणी मुरू देणारी, पण दर पावसाळ्यानंतर तिला हात लावावा लागतो. निचरा नीट असेल आणि माळी रोज येत असेल तर मी मुरूमच मागेन. दोन्ही नसेल तर नको. काहीही केलं तरी झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी राहील असं पत्रात लिहाच. काँक्रीट खोडापर्यंत भिडवायची सवय अजून गेलेली नाही.

फाटकाचं एक विसरू नका. दुचाकी आत येऊ नये म्हणून लावलेल्या चक्राकार फाटकातून व्हीलचेअर जात नाही, बाबागाडीही नाही. बाजूला एक रुंद वाट आणि १:१२ उताराचा रॅम्प मागा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी.

## ४. झाड, खारफुटी, खाडी: इथे काम अडतं

झाड तोडायचं तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं वा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. सोपा उपाय: वाटच वळवा. आराखड्यात वळण दाखवायला एक रेघ लागते, परवानगीला महिने.

खाडीकाठच्या वाटेची हौस असेल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, खारफुटीला हात लावायला मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल याबाबत कडक आहे. दोन, खारफुटीचं क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा संरक्षित धरला जातो. सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांखालची) परवानगी हा वेगळाच प्रवास आहे. आपल्याकडच्या बऱ्याच धारण तलावांत खारफुटी वाढलेली आहे, म्हणून 'तलावाकाठी जॉगिंग ट्रॅक' हे पत्रात जितकं निरुपद्रवी वाटतं तितकं नसतं. शेजारीच ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ते रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही, आहे. तिथे प्रखर दिवे मागू नका. आहे ती पायवाट साफ, सपाट आणि कचरामुक्त ठेवणं एवढीच मागणी ठेवली तर बरंच काही साधतं.

## ५. अंदाजपत्रक बनवून घ्या

काम वाट आणि भिंतीचं असेल तर अभियांत्रिकी विभाग, झाडं आणि हिरवळ उद्यान विभाग, दिवे विद्युत विभाग. एका उद्यानाला तीन खाती. प्रत्येकाला वेगळं पत्र दिलंत तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. एकच पत्र द्या, तिघांना प्रती द्या आणि तिन्ही विभागांची एकत्र स्थळपाहणी मागा. पाहणीला कनिष्ठ अभियंता येतो. त्याला चहा पाजा, वाद घालू नका. अंदाजपत्रक तोच लिहिणार असतो.

अंदाजपत्रक म्हणजे तुमची मापं गुणिले सरकारी दरसूचीतले (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीतले) दर, अधिक जीएसटी आणि किरकोळ खर्च. ओळखीच्या ठेकेदाराकडून कोटेशन आणू नका. त्याचा उपयोग नाही आणि शंका मात्र तुमच्यावर येते. अंदाजपत्रक झालं की त्यात नाली आहे का ते पाहा. जमिनीखाली जाणारं काम सर्वात आधी गळतं, कारण ते फोटोत दिसत नाही.

तोवर तुमच्या फाइलमध्ये एवढं असायला हवं:

- जागेच्या मालकीचा किंवा हस्तांतरणाचा कागद, भूखंड क्रमांकासह
- हाताने काढलेला का होईना, मापांचा नकाशा
- तारखेसह फोटो, पावसाळ्यातले वेगळे
- मागणीचं पत्र, सह्यांसह. सह्या एकाच सोसायटीच्या नकोत
- प्रत्येक पत्राची आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच

पोच न घेता दिलेलं पत्र दिलंच नाही असं समजा.

## ६. पैसे कुठून

महापालिकेचा अर्थसंकल्प. पहिला आणि सर्वात भरवशाचा मार्ग. दोन गोष्टी बघा: उद्यानांच्या सुधारणेची सर्वसाधारण तरतूद आहे का, आणि तुमच्या कामाचं नाव घेऊन तरतूद करता येईल का. छोटं काम सर्वसाधारण तरतुदीतून विभाग पातळीवर निघतं. मोठं काम नावानिशी हवं. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी कामं सुचवायचा रीतसर अर्ज असतो. आपण पत्र आणि नगरसेवक या दोन पायांवर चालायचं.

नवी मुंबईत मे २०२० पासून नगरसेवक नव्हते, सरकारने नेमलेले प्रशासकच कारभार बघत होते आणि त्या काळात नागरिकांना थेट अधिकाऱ्यांकडे जायची सवय लागली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक परत आलेत. प्रभाग बहुसदस्यीय आहेत, म्हणजे एका प्रभागात एकाहून अधिक नगरसेवक, म्हणून एकाच नगरसेवकाला धरून बसू नका. प्रभागातल्या सगळ्यांना तेच पत्र द्या, पक्ष न बघता. एकाचं काम म्हणून ओळखलं गेलं की दुसरा ते अडवतो.

आमदार आणि खासदार निधी. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी, खासदारालाही ५ कोटी. पैसे त्यांच्या हातात नसतात. ते काम सुचवतात. मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालय देतं आणि काम पालिका किंवा दुसरी सरकारी यंत्रणा करते. म्हणून आमदारांच्या कार्यालयात जाताना अंदाजपत्रकाची प्रत आणि जागा सार्वजनिक असल्याचा कागद न्या. बेलापूर आणि ऐरोली हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ ठाणे लोकसभेत, खारघर मात्र पनवेल विधानसभेत आणि मावळ लोकसभेत. चुकीच्या दारात सहा महिने जाऊ शकतात. आणि या निधीतून वस्तू उभी राहते, तिची रोजची देखभाल होत नाही.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि पर्यावरण त्या यादीत आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्या आहेत, त्यामुळे हा मार्ग जवळचा वाटतो. पण कंपनी पैसे देते ते सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) असलेल्या संस्थेला किंवा स्वतः काम करते. तुमच्या रहिवासी गटाच्या, त्याहून वाईट म्हणजे कोणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे घ्यायचा विचारही करू नका. कंपनी आणि पालिका यांच्यात थेट करार होऊ द्या, तुम्ही फक्त गाठ घालून द्या. करार वाचा: जाहिरात फलक किती आणि केवढा, प्रवेश सर्वांना मोफत राहील का, पाच वर्षांनी देखभाल कोणाची. 'दत्तक' घेतलेल्या उद्यानाच्या फाटकावर हळूहळू कोण उभं राहतं, तेही बघा.

केंद्राच्या योजना. ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेली शहरांच्या पाणी-सुविधांची अमृत २.०, २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम (नवी मुंबई त्या यादीत आहे), यांत तलाव, हिरवळ, धूळ कमी करणं अशी कामं बसतात. नागरिकाला थेट अर्ज करता येत नाही. पण शहर जेव्हा कामांची यादी बनवतं तेव्हा तुमचं तयार अंदाजपत्रक त्यात घुसू शकतं, एवढाच फायदा.

ठाण्यातली मंडळी कोलशेतच्या सेंट्रल पार्कचं उदाहरण देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुलं झालेलं ते उद्यान विकासकाकडून टीडीआरच्या (दुसरीकडे जादा बांधकाम करायच्या हक्काच्या) बदल्यात उभं राहिलं. ते मोठ्या भूखंडाचं गणित आहे. सेक्टरच्या उद्यानाला ते लागू होत नाही.

## ७. वेळ चुकली की वर्ष गेलं

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. आयुक्त अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडतात आणि लोक तेव्हा पत्रं घेऊन धावतात. तोवर आकडे ठरलेले असतात. विभागांकडून मागण्या त्याआधीच गोळा होतात, म्हणून तुमचं पत्र आणि अंदाजपत्रक दिवाळीच्या आसपास विभागात पोचलेलं हवं. मागे मोजत गेलात तर: जुलै-ऑगस्टमध्ये पाहणी, सप्टेंबरात मागणीचं पत्र, ऑक्टोबरात स्थळपाहणी. मालकीचा कागद त्याच्याही आधी, उन्हाळ्यात.

पत्राला उत्तर येत नसेल तर लोकशाही दिन आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज मात्र पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवं काम सुरू होत नाही; तेवढे महिने धरूनच चाला.

## ८. मंजुरीनंतर खरी राखण

तरतूद झाली, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता मिळाली, निविदा निघाली, कार्यादेश झाला. आता कार्यादेशाची आणि त्याला जोडलेल्या कामांच्या परिमाणांची प्रत मिळवा. ठेकेदाराच्या माणसाला तोंडी 'इथे अजून एक बाक टाका' असं सांगू नका. एकाने बाक सांगितला, दुसऱ्याने कमान, की नालीचे पैसे कमानीत जातात.

वाट खोदली की त्या दिवशीच फोटो काढा. खाली खडीचा थर किती इंच आहे हे फक्त तेव्हाच दिसतं. नालीला उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघा, अभियंत्यासमोर. अंतिम देयकाआधी संयुक्त पाहणी मागा आणि राहिलेली कामं लेखी द्या. बिल निघाल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.

निविदेत दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या काळात उखडलेलं, खचलेलं ठेकेदाराने स्वखर्चाने करून द्यायचं. ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा वही-फीत घेऊन फिरा. कालावधी संपायच्या महिनाभर आधी सापडलेले दोष फोटोंसह कार्यकारी अभियंत्याला द्या, पोच घ्या. तारीख उलटली की तेच काम नव्या अंदाजपत्रकात जातं आणि तुम्ही पुन्हा पाचव्या पायरीवर येता.